शेजारच्या मधपेट्या आणि आमचा नळ

प्रश्न : आमच्या कुंपणालगत शेजाऱ्यांनी सातेरी माश्यांच्या चार पेट्या ठेवल्या आहेत. मार्चपासून आमच्या नळाखाली, धुण्याच्या दगडावर माश्यांची झुंबड असते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात आणि परवा धाकट्याला दोन माश्या डसल्या. पेट्या हलवायला सांगावे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : तूर्त तसे सांगू नका. माशी आपल्या पेटीची जागा पक्की लक्षात ठेवते. त्यामुळे पेट्या आवारातल्याच दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या, तर कामकरी माश्या जुन्या जागी परतून घोंगावत राहतील आणि त्रास वाढेल. न्यायच्याच असतील, तर रात्री दार बंद करून निदान तीन किलोमीटर दूर न्याव्या लागतात.

तुमच्या नळावर त्या येतात त्या पाण्यासाठी. पिल्ले वाढतात तो पोळ्याचा भाग ३४-३५ अंशांवर राखावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात माश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. ही सोय शेजाऱ्यांनी फेब्रुवारीतच करायला हवी होती, हे त्यांना स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. पेट्यांजवळ पसरट घमेल्यात पाणी आणि त्यात वर डोके काढणारे खडे ठेवावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. घमेले एक दिवस जरी कोरडे पडले, तरी त्या पुन्हा तुमच्याकडे वळतील. तुम्ही गळका नळ दुरुस्त करून धुण्याचा दगड काही दिवस कोरडा ठेवा. लागलेली सवय सुटायला वेळ लागतो.

पिवळे ठिपके ही माश्यांची विष्ठा असते, तेव्हा दोरी त्यांच्या वाटेतून हलवलेली बरी. पेट्यांची तोंडे तुमच्या अंगणाकडे असतील, तर मध्ये पुरुषभर उंचीचा तट्ट्या किंवा दाट वेल हवा, म्हणजे माश्या डोक्यावरून उंच जातात. पेट्या उघडायच्या त्या स्वच्छ उन्हात, बऱ्याचशा माश्या चरायला बाहेर असताना. ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी नव्हे.

माशी डसली, तर नांगी नखाने लगेच खरवडून काढावी आणि जागा धुवावी, कारण तिथे राहिलेल्या पिकल्या केळ्यासारख्या वासाने इतर माश्या चवताळतात. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.