तळ्याकाठचे दीपगृह आणि त्याचे राखणदार

प्रश्न : आमचे गाव नवेगाव बांधाच्या परिसरात आहे. माझा भाचा अमेरिकेतील ओहायो राज्यात नोकरीला असून, त्याने एका उंच, पांढऱ्या बुरुजाचे छायाचित्र पाठवले आहे. मार्बलहेड येथील हे दीपगृह दोनशे वर्षांपूर्वीचे असून ते समुद्राकाठी नव्हे, तर एका तलावाकाठी उभे आहे, असे तो सांगतो. तलावाला दीपगृहाची गरज का पडावी, आणि तेथे रोज दिवा कोण लावत असे?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : आपला भाचा सांगतो ते खरे आहे. घोटाळा होतो तो ‘तलाव’ या शब्दाने. तलाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पाळ बांधून अडवलेला, एका काठावरून दुसरा काठ दिसणारा मालगुजारी तलाव, आणि त्यात डोंगा घेऊन जाळे टाकणारा ढिवर. मार्बलहेडचे दीपगृह ज्या ईरी सरोवराच्या काठी आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे एकत्र केले, तर जवळपास तेवढे. पाणी गोडे असले तरी मध्यभागी गेलेल्या नावाड्याला कोणताच काठ दिसत नाही.

त्यातही ईरी सरोवर विस्ताराच्या मानाने फार उथळ आहे. त्याची सरासरी खोली केवळ 19 मीटर भरते, आणि तेथील धोका या उथळपणातूनच येतो. खोल गुंडात पाणी घेऊन चालले तर ते सहसा सांडत नाही, पण परातीत घेऊन चार पावले टाकली की हिंदकळून कडेबाहेर जाते. ईरीचेही तसेच होते. जोराचा पश्चिमी वारा सुटला की पाणी पूर्वेच्या टोकाकडे ढकलले जाते आणि दोन टोकांच्या पातळीत कधी कधी दोन मीटरहून अधिक फरक पडतो. लाटाही आखूड, उभ्या आणि एकीमागून एक येणाऱ्या असतात. शिडाच्या जहाजांना अशा वेळी सँडस्की उपसागराच्या आश्रयाला जाण्यावाचून गत्यंतर नसे, आणि रात्री त्याचे तोंड सापडणे कठीण असे.

म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने 1819 मध्ये पाच हजार डॉलर मंजूर केले आणि 1822 मध्ये विल्यम केली या गवंड्याने जवळच्याच खाणीतील चुनखडीच्या दगडाचा पन्नास फूट उंच बुरूज उभा केला. पायाशी त्याच्या भिंती पाच फूट जाड आहेत आणि वर जाताना त्या दोन फुटांवर येतात. तीनच वर्षांनी, 1825 मध्ये, ईरी कालवा पूर्ण होऊन सरोवराचा न्यूयॉर्कशी जलमार्गाने संबंध जोडला गेला आणि जहाजांची वर्दळ वाढली.

आता आपला दुसरा प्रश्न, जो मला अधिक मोलाचा वाटतो. पहिले राखणदार बेनाजा वॉल्कॉट हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक होते. बुरुजावर त्या वेळी देवमाशाच्या तेलावर जळणारे तेरा दिवे होते आणि प्रत्येकामागे सोळा इंच व्यासाचे धातूचे परावर्तक बसवलेले होते. ज्यांनी घरी कंदील वापरला आहे त्यांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही. एका कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसावी लागे. वात थोडी जरी वाकडी कापली गेली तरी ज्योत एका बाजूने चढून काच काळी होत असे. येथे असे तेरा दिवे होते आणि काजळी धरलेला परावर्तक म्हणजे जहाजाच्या दृष्टीने विझलेलाच दिवा. त्याशिवाय जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांची व हवामानाची नोंद ठेवायची आणि कोणी संकटात सापडले तर धावून जायचे, हीही कामे राखणदाराचीच होती.

1832 मध्ये त्या भागात पटकीची, म्हणजे आपल्याकडे ज्याला हैजा म्हणतात त्या रोगाची, साथ आली आणि तीत वॉल्कॉट दगावले. दिव्याचे काम त्यांच्या पत्नी रेचेल यांनी हाती घेतले. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांवर दीपगृह सांभाळणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. घरात मृत्यू झालेला असताना वाती कापायला बुरूज चढणारी ती बाई मला त्या दगडी भिंतींपेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते. पुढे 1896 ते 1903 या काळात जोहाना मॅकगी यांनीही पतीच्या मागे हेच काम केले. येथे एकूण पंधरा राखणदार होऊन गेले, आणि त्यांपैकी या दोन स्त्रिया होत्या.

तेरा दिव्यांची कटकट 1858 मध्ये संपली. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी काचेच्या अनेक लोलकांची कडी रचून एकाच ज्योतीचा विखुरणारा प्रकाश एका दिशेने वळवणारे भिंग तयार केले होते. तसे भिंग येथे आले आणि एका दिव्यावर काम भागू लागले. 1903 च्या सुमारास बुरूज पंधरा फुटांनी वाढवून फिरते भिंग बसवण्यात आले. ते घड्याळासारखे वजनांवर चाले आणि राखणदाराला रात्रभर दर तीन तासांनी किल्ली द्यावी लागे, त्यामुळे अखंड झोप अशी नाहीच. 1923 मध्ये वीज आली आणि 1958 मध्ये दिवा स्वयंचलित झाल्यावर राखणदाराचे पदच उरले नाही.

दिवा मात्र आजही लागतो, आणि पंचमहासरोवरांवरील अखंड चालू असलेले हे सर्वांत जुने दीपगृह मानले जाते. त्याचा प्रकाश हिरवा आहे, कारण विमानांसाठीच्या पांढऱ्या दिव्यांशी त्याची गल्लत होऊ नये. भाचा पुन्हा तेथे गेला तर त्याला अंधार पडेपर्यंत थांबायला सांगा. दर सहा सेकंदांनी एक हिरवी उघडझाप त्याला मोजता येईल. दिवसा आत प्रवेश असेल तर वर जायला 77 पायऱ्या आहेत, त्याही त्याने चढाव्यात. रेचेल वॉल्कॉट तेल घेऊन वर जात त्या काळी बुरूज पंधरा फुटांनी ठेंगणा होता, एवढे त्याला आठवणीने सांगा.