तुमचे प्रश्न : अणुयुद्धाची धास्ती आणि रखडलेलं लग्न

प्रश्न : वय २८, जुळे सोलापुरात राहतो. मे २०२५ मधल्या भारत-पाक संघर्षापासून अणुयुद्धाची भीती डोक्यातून जात नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बातम्या बघतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीशी दोन वर्षांपासून जमलंय. ती लग्नाचं विचारते, मी म्हणतो, ‘जगाचंच खरं नाही, घाई कशाला?’ मध्यंतरी तीन वर्षांच्या हप्त्यांवर बाइक घेतली, तेव्हापासून ती जास्तच चिडलीय. माझं चुकतंय का?

उत्तर : चिडणारच. हप्ते भरायला जग टिकणार आणि संसाराला नाही, हे कुणाला पटेल? भीती खरी असेल, पण तिच्या आडून तुम्ही लग्नाचा निर्णय टाळताय, असं दिसतं. हे दोन प्रश्न वेगळे करा.

धोका शून्य नाही. पण दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्यावर वर्षभरातच, १९९९ मध्ये, कारगिल झालं आणि ते अण्वस्त्रांपर्यंत गेलं नाही. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. हे तुमच्या रात्री जागण्यावर अवलंबून नाही.

तयारी करायचीच तर एका रविवारी उरकून टाका. स्फोटानंतर एका तासाने असणारा किरणोत्सार सात तासांनी साधारण दहावा भाग उरतो, ४९ तासांनी शंभरावा. म्हणून पहिले २४ तास घरातच थांबायचं, तेही खिडकीपासून लांब, मधल्या खोलीत, पत्र्याखाली नाही. बाहेरून आलात तर वरचे कपडे काढून पिशवीत बांधा, साबणाने अंघोळ करा, केसांना कंडिशनर लावू नका, त्याने किरणोत्सारी धूळ केसांना चिकटून राहते. आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉइडला वाचवतात. सरकारने सांगितल्याशिवाय घेऊ नका. माणशी रोज चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचं झाकलेलं पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, नेहमीची औषधं. पाणी साठवायला सोलापूरकरांना शिकवायला नको, आणि कडक भाकरी-शेंगाचटणी तर घरात असतेच.

एवढं झालं की विषय बंद. बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. रात्री नऊनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. ‘बघायचंच नाही’ असं ठरवलं तर चार दिवसांत मोडतं, म्हणून वेळ बांधून घ्या.

मुलीशी फोनवर नको, समोरासमोर बोला. पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने ती येईल किंवा तुम्ही जा. युद्धाचा उल्लेख न करता अडचण सांगा : पगार, घरच्यांचा विरोध, की मनच होत नाही? तारीख सांगता येत नसेल तर निदान घरी कधी सांगणार तो महिना सांगा. ‘बघू’ म्हणू नका. दोन वर्षं तिने तेच ऐकलंय.

झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे बिघडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथे नाव सांगायची सक्ती नसते.