उत्खननात सापडलेलं साधं घर म्हणजे चर्चच होतं, हे पुरातत्त्वज्ञ कशावरून ठरवतात?

बाहेरून बघून मुळीच नाही. सिरियातल्या युफ्रेटिस काठच्या ड्युरा-युरोपोसचं चर्च घ्या. अंगणाभोवती खोल्या, बाकी शेजारच्या घरांसारखंच घर. येल विद्यापीठ आणि फ्रान्सच्या शिलालेख अकादमीच्या उत्खननात १९३१-३२च्या हंगामात ते उजेडात आलं.

आत मात्र खुणाच खुणा. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील असं दालन केलेलं, एका टोकाला ओटा. एवढ्यावरून फार तर सभागृह म्हणता आलं असतं. निर्णायक ठरली ती लहानशी खोली. तिच्या पश्चिम टोकाला जेमतेम मीटरभर खोल हौद, वर खांबांवर तोललेली कमान. खांब संगमरवरी दिसावेत म्हणून रंगवलेले, छतावर निळ्या रंगात तारे. हे थडगं असावं, असंही तेव्हा सुचवलं गेलं होतं. पण भिंतींवरची बायबलमधली चित्रं बघा: हौदामागे खांद्यावर मेंढा घेतलेला मेंढपाळ, खाली कोपऱ्यात इवलेसे आदाम आणि हव्वा, विहिरीत दोर सोडणारी शोमरोनी (समारिया प्रांतातली) स्त्री, पाण्यावरून चालणारे येशू आणि पेत्र, बरा होऊन स्वतःची खाट पाठीवर घेऊन निघालेला पक्षाघाती. असा हौद बाप्तिस्म्याचाच, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याचा.

काळही पक्का लागतो. गिलाव्यावर तिथल्या जुन्या सेल्युसिड कालगणनेतलं सन ५४५ कोरलेलं आहे, म्हणजे इ.स. २३२-३३. इ.स. २५६च्या सुमारास इराणच्या ससानी राजांच्या फौजेचा वेढा पडला, तेव्हा रोमी सैनिकांनी तटाला बळकटी म्हणून आतल्या बाजूची घरं मातीने भरून टाकली. शहर पडायचं ते पडलंच आणि पुढे ओसाड राहिलं, पण त्या भरावामुळे रंग टिकले. जवळच्याच सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची) चित्रंही अशीच वाचली. आयत्या वेळची ही घाई इतिहासकारांच्या इतकी पथ्यावर पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

इस्रायलमधल्या मेगिद्दोच्या तुरुंगात २००५ मध्ये सापडलेलं प्रार्थनास्थळही याच शतकातलं मानतात. तिथे साक्ष देते ती मोझेकच्या फरशीवरची अक्षरं.

ड्युराच्या चर्चची चित्रं आता येलच्या कलादालनात आहेत. त्यातल्या एकावर अजून वाद चालतो: मशाली घेतलेल्या स्त्रिया एका मोठ्या पांढऱ्या वास्तूकडे निघाल्या आहेत. ती येशूची कबर, की येशूने सांगितलेल्या दृष्टांतातल्या, वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या वराचं घर? मला कबरच पटते. हातात मशालींसोबत वाडगीही आहेत, आणि ती येशूच्या शवाला लावायच्या सुगंधी द्रव्यांची असावीत.