‘हॅड बेटर’मधला ‘हॅड’ भूतकाळाचा नाही

प्रश्न असा आला आहे: ‘यू हॅड बेटर गो नाऊ’ या वाक्यात गोष्ट आत्ताची आहे, मग ‘हॅड’ कशाला? ‘हॅड’ आलाच आहे तर पुढे ‘गॉन’ का नाही? आणि ‘हॅड टू गो’मध्ये ‘टू’ लागतो, तर इथे तो कुठे गेला? जोडीला आणखी एक शंका आहे: नकार द्यायचा झाला तर ‘नॉट’ कुठे बसवायचा?

आधी तीन ‘हॅड’ शेजारी ठेवून पाहू. ‘ही हॅड गॉन’ म्हणजे तो गेला होता. ‘ही हॅड टू गो’ म्हणजे त्याला जावं लागलं. ‘ही हॅड बेटर गो’ म्हणजे त्यानं गेलेलं बरं. पहिले दोन खरेच भूतकाळाचे आहेत. तिसऱ्यात काळ भूत नाही, फक्त रूप भूतकाळी आहे. मराठी वाचकाला याचं नवल वाटायला नको, कारण आपणही हेच करतो. ‘आता निघालेलं बरं’ म्हणतो तेव्हा कुणी निघालेलं नसतं. न घडलेल्या गोष्टीला आपण बिनदिक्कत ‘निघालेलं’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

‘हॅड’ तिथे आला कसा, हेही पाहण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत हा सल्ला चतुर्थीनं दिला जाई. ‘मी वेअर बेटर’ या धर्तीची रचना होती, म्हणजे ‘मला बरं होईल’. यातला ‘मी’ हा इंग्रजी शब्द, ‘मला’ या अर्थाचा. पुढे इंग्रजीतल्या विभक्ती झिजल्या, वाक्याच्या सुरुवातीला कर्ताच हवा अशी सवय जडली आणि ‘मला’ अर्थाच्या या शब्दाची जागा ‘आय’नं घेतली: ‘आय वेअर बेटर’. 1600च्या सुमाराच्या नाटकांत ‘यू वेअर बेस्ट’ अशी वाक्यं सापडतात. त्याच वेळी शेजारी ‘आय हॅड लीफर’ ही दुसरी रचना नांदत होती. तिच्यात ‘हॅव’चा अर्थ ‘मानणं’ असा आहे आणि ‘हॅड’ हे संकेतार्थी, म्हणजे जर-तरचं रूप आहे: ‘मी ते अधिक प्रिय मानलं असतं’. ‘लीफर’च्या जागी आधी ‘रादर’ आला, मग ‘बेटर’. म्हणजे या ‘हॅड’चं नातं ‘गेला होता’मधल्या ‘होता’शी नाही, ‘गेलो असतो’मधल्या ‘असतो’शी आहे.

एवढं ध्यानात आलं की चुका का होतात ते उघड दिसतं. ‘यू हॅड बेटर गॉन’ असं लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘हॅड गॉन’ असतो. ‘यू हॅड बेटर टू गो’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘हॅड टू’ असतो, किंवा ‘इट इज बेटर टू गो’ असतो. या दुसऱ्या वाक्यात ‘बेटर’ हे साधं विशेषण आहे, म्हणून ‘टू’ हवाच. ‘हॅड बेटर’ मात्र ‘शुड’सारखा वागतो. ‘कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट’ या नऊ जणांनंतर क्रियापदाचं मूळ रूप कोरंच येतं, तसंच ते इथेही येतं. या कुळात ‘ऑट’ तेवढा ‘टू’ धरून बसला आहे.

आता ‘नॉट’. मराठीत नकार कुठे बसतो ते पाहा, म्हणजे इंग्रजी पाठ करावं लागणार नाही. आपण ‘न गेलेलं बरं’ म्हणतो. ‘गेलेलं बरं नाही’ म्हटलं की वाक्य वेगळं होतं. इंग्रजीतही नकार जाण्याला आहे, बरेपणाला नाही. म्हणून ‘यू हॅड बेटर नॉट गो’. ‘यू हॅडन्ट बेटर गो’ हे विधान म्हणून चालत नाही. प्रश्नात मात्र ‘हॅडन्ट’ पुढे येतो: ‘हॅडन्ट वी बेटर लीव?’, म्हणजे ‘निघालेलं बरं नाही का?’ मराठीतही प्रश्न झाल्याबरोबर ‘नाही’ उडी मारून ‘बरं’शेजारी जाऊन बसला, हे लक्षात आलं ना? शेपटीच्या प्रश्नातही ‘हॅड’च येतो: ‘वीड बेटर लीव, हॅडन्ट वी?’ इथे ‘वुडन्ट’ किंवा ‘डिडन्ट’ घालणं चूक.

‘वीड’ या आखूड रूपानं पुष्कळांची फसगत होते. त्यातला ‘ड’ ‘हॅड’चाही असतो आणि ‘वुड’चाही. ‘बेटर’ पुढे असेल तर ‘हॅड’, ‘रादर’ पुढे असेल तर आजच्या इंग्रजीत ‘वुड’. शंका आली तर वाक्याचा प्रश्न करून पाहावा, ‘ड’ आपोआप उलगडतो: ‘वुड यू रादर स्टे?’ एके काळी ‘हॅड रादर’ सर्रास होता. सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या कोशात त्याला रानटी आणि अलीकडे घुसलेला प्रयोग ठरवलं. अलीकडचा म्हणण्यात तो चुकला, कारण प्रयोग त्याच्या आधी कितीतरी पिढ्या रुळलेला होता. बोलताना ‘ब’च्या आधीचा हा ‘ड’ ऐकूही येत नाही, त्यामुळे ‘यू बेटर गो’ असं कानावर पडतं. बोलण्यात चालेल, अर्जात किंवा निबंधात नको.

‘रादर’चा नकारही त्याच जागी येतो: ‘आयड रादर नॉट गो’, मी न गेलेलंच बरं. तुलना करायची तर दोन्ही क्रियापदं कोरी: ‘आयड रादर वॉक दॅन वेट’. पण दुसऱ्या कुणी काय करावं हे सांगायचं असेल तर पुढे पूर्ण उपवाक्य येतं आणि त्यात पुन्हा भूतकाळी रूप: ‘आयड रादर यू डिडन्ट टेल हिम’, तू त्याला न सांगितलेलं बरं. सांगण्याची वेळ अजून यायची आहे, तरी ‘डिडन्ट’. हाही तोच संकेतार्थ.

अर्थाच्या बाबतीत सावध राहावं लागतं. ‘बेटर’ पाहून अनेकांना हा मवाळ, तुलनेचा सल्ला वाटतो. तसा तो नाही. ‘यू हॅड बेटर रिप्लाय बाय मंडे’ यात ‘नाहीतर बघा’ दडलेलं असतं. वरिष्ठाला किंवा ग्राहकाला पत्रात हे लिहिलं तर धमकी वाटेल. तिथे ‘यू मे वॉन्ट टू’ किंवा ‘इट वुड बी बेटर टू’ लिहावं. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलही हा प्रयोग नको. ‘तू काल यायला हवं होतंस’ म्हणजे ‘यू शुड हॅव कम’. ‘ही हॅड बेटर हॅव फिनिश्ड’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ‘त्यानं संपवलेलं असलं म्हणजे बरं, नाहीतर त्याची खैर नाही’ असा होतो.

क्रियाविशेषण घालायचं तर ढोबळ नियम एकच: पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर. ‘शी हॅज ऑलवेज बीन काइंड’, ‘दे विल प्रॉबबली बी वेटिंग’. ‘बेटर’सुद्धा याला अपवाद नाही. ‘वीड प्रॉबबली बेटर लीव’ असं सहज म्हणतात, म्हणजे ‘हॅड’ आणि ‘बेटर’ यांच्यात तिसरा शिरू शकतो.

नियम बिघडतो तो नकार आला की. ‘ही विल प्रॉबबली कम’ बरोबर, पण नकारात ‘ही प्रॉबबली वोन्ट कम’. ‘वोन्ट प्रॉबबली’ कानाला खटकतं. ‘स्टिल’चंही असंच: ‘आय स्टिल हॅवन्ट पेड’. ‘हॅवन्ट’च्या नंतर बसवायचं असेल तर ‘येट’ लागतो, तोही बहुधा शेवटी. कारण व्याप्तीचं आहे. जे शब्द नकाराला कवेत घेतात ते नकाराच्या आधी बसतात. ‘रिअली’ दोन्हीकडे बसतो आणि अर्थ पार बदलतो. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे तसं फारसं आवडत नाही. अभिप्राय लिहिताना ही अदलाबदल महागात पडते.

मुख्य क्रियापद गाळलं तरी क्रियाविशेषण सहायकाच्या आधी येतं. ‘हॅव यू ऑलवेज लिव्ड हिअर?’ याला उत्तर ‘येस, आय ऑलवेज हॅव’. ‘येस, आय हॅव ऑलवेज’ असं म्हणत नाहीत, कारण ‘ऑलवेज’ला पुढे टेकायला काही उरत नाही.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यात क्रियाविशेषण घालू नये, हा शाळेतला दंडक मनावर घेऊ नका. तो व्याकरणाचा नियम नव्हे, एकोणिसाव्या शतकात बळावलेली एक आवडनिवड आहे. ‘वी एक्स्पेक्ट प्रॉफिट्स टू मोर दॅन डबल’ यात ‘मोर दॅन’ दुसरीकडे हलवून दाखवा, जमणार नाही. ‘नॉट’ मात्र लिहिताना ‘टू’च्या आधी ठेवलेला बरा: ‘शी डिसायडेड नॉट टू गो’.

राहिला याच जातीचा ‘माइट ॲज वेल’. ‘वी माइट ॲज वेल वॉक’ म्हणजे ‘चालतच जाऊ, काय बिघडतं’. यात उत्साह नसतो, दुसरा बरा पर्याय नाही एवढंच असतं. म्हणून कुणी आमंत्रण दिल्यावर ‘आय माइट ॲज वेल कम’ म्हणू नये. बोलावणाऱ्याच्या मनातून उतराल.