पाळीचे दुखणे ऐकून घेताना

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

ग्रामीण रुग्णालयात ‘पोटात दुखतं’ एवढेच सांगून गप्प बसणाऱ्या मुली तुझ्याकडे बऱ्याच येतील, आणि सोबतची आई किंवा सासू ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून तुझ्याआधीच निदान करून मोकळी होईल. तिला थोडा वेळ बाहेर बसवून मुलीला नेमके विचार: दुखण्यामुळे कॉलेज किंवा मजुरी बुडते का, गोळी घेऊनही कळ राहते का, पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला दुखते का, आणि विवाहित असल्यास संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखते का. नुसते ‘पाळीत दुखते का’ असे विचारले तर जवळजवळ सगळ्याच ‘हो’ म्हणतात, आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर रुजण्याचा आजार, त्या गर्दीत हरवून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो; तरीही निदानाला अनेक वर्षे लागतात.

सोनोग्राफीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून तिला परत पाठवू नकोस. बीजकोशातील चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सोनोग्राफीत दिसते, परंतु ओटीपोटाच्या आवरणावर रुजलेले वरवरचे ठिपके बहुधा दिसत नाहीत. शिवाय अविवाहित मुलीची तपासणी आपल्याकडे सहसा पोटावरूनच होते, योनीमार्गातून नाही, म्हणून आणखी कमी दिसते. सीए-१२५ या रक्ततपासणीवर विसंबू नकोस, कारण पोटाच्या क्षयरोगातही ते वाढते. लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, खात्री होईपर्यंत उपचार अडवून ठेवायचे नाहीत, हे युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही मान्य केले आहे.

मूल होण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दाहामुळे बीजकोश व बीजवाहिन्या आसपासच्या अवयवांना चिकटतात आणि गर्भधारणा अवघड होते, हे खरे. पण हा आजार असलेल्या कित्येक स्त्रियांना उपचारांविनाही दिवस जातात, आणि दुखण्याच्या तीव्रतेवरून आजार किती पसरला आहे हे ठरत नाही. हार्मोनच्या गोळ्या वेदना कमी करतात, गर्भधारणेची शक्यता वाढवत नाहीत, हे तिला स्पष्ट सांग. सिस्ट काढताना बीजकोशाचा निरोगी भागही थोडाफार जातो, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीला, विशेषतः दोन्ही बाजूंना सिस्ट असतील किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तेव्हा, एएमएच तपासणी (बीजकोशातील बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि वंध्यत्वतज्ज्ञांचा सल्ला यांशिवाय शस्त्रक्रियेला पाठवू नकोस. वय ३५ च्या पुढे असेल तर दिवस जाण्याची वर्षभर वाट पाहायला लावू नकोस.

‘लग्न करा, एक मूल झालं की थांबेल’ हा सल्ला आपल्या व्यवसायातील वडीलधारी मंडळीही देतात. मला तो बेजबाबदार वाटतो. गर्भारपण हा या आजारावरचा इलाज नव्हे.

तिला पुढे पाठवताना चिठ्ठीत ‘पोटदुखी’ एवढेच लिहू नकोस. दर महिन्याला किती दिवस बुडतात, कोणती गोळी किती काळ घेतली, मूल हवे आहे का आणि केव्हा, हे तिला विचारून तिच्याच शब्दांत लिही, म्हणजे जिल्हा रुग्णालयात तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तुझी,
मॅडम