लेकीला त्या तासाला बसवायचं की नाही

ताई, इंग्लंडात स्लाऊला येताय, लेक अकराची आहे, आणि 'इथल्या शाळेत लैंगिक शिक्षण वगैरे सगळं शिकवतात म्हणे, तिला त्यातून काढता येतं का' असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, त्यासोबत भरायचा आरोग्य सरचार्ज वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. या एका प्रश्नाने मात्र मला कालपासून स्वस्थ बसू दिलेलं नाही.

काढता येतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून माध्यमिक शाळेत 'नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण' हा विषय सक्तीचा आहे, पण लैंगिक शिक्षणापुरतं पालक तसं लिहून देऊ शकतात. विज्ञानातलं प्रजनन आणि नातेसंबंधांचा भाग मात्र चुकत नाही. सोळा पूर्ण व्हायच्या तीन टर्म (शाळेची सत्रं) आधीपासून मुलीने स्वतःच बसायचं म्हटलं, तर तिचं चालतं.

पण काढू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने काढलं होतं. पोरीला लायब्ररीत बसवलं आणि जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींनी तिला सगळं सांगितलंच, अर्धं खरं, अर्धं मोबाइलवर पाहिलेलं. कुणी नको तसले फोटो मागितले तर कोणाकडे जायचं, नाही कसं म्हणायचं, हे बाईंनी वर्गात सांगितलं होतं. नेमकं तेवढंच तिच्यापर्यंत पोचलं नाही.

शाळेवरचा माझा राग वेगळा आहे. काय शिकवणार ते दाखवायला पालकांना बोलावलं, ते मंगळवारी दुपारी दोनला. निम्म्या आया तेव्हा केअर होमच्या शिफ्टवर. सगळं इंग्रजीत. हिंदीत किंवा पंजाबीत एखादं पान तरी द्या म्हटलं, तर उत्तर आलं, आशियाई पालकांना या विषयात फारसा रस नसतो. हे वाक्य अजून सलतं. रस नसता तर मी अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून तिथे कशाला गेले असते?

मी सोलापूरची. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईने जुन्या लुगड्याच्या घड्या हातात दिल्या आणि देवघरात जाऊ नकोस म्हणाली. बास. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्याच महाराष्ट्राने २००७ साली शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद केलं. मला बोलायची सवय लागणार कुठून? लेक आता सतराची आहे. कंबर दुखली की माझ्याकडे येते, बाकीचं शाळेच्या नर्सला विचारते. तिला विचारायला कुणीतरी आहे याचं बरं वाटतं, आणि ते कुणीतरी मी नाही याचं रात्री वाईटही वाटतं. तुमची अजून अकराचीच आहे. शाळेत काय झालं ते त्याच संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता विचारा. समोर बसवून विचारलं की पोरी गप्प होतात.

इथल्या आठवीत (इयर एट) एचपीव्ही लसीचा फॉर्म येईल, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची लस. भिशीतल्या बायका म्हणतील, लग्नाआधी ही कशाला? त्या विषाणूशी गाठ पडायच्या आधीच ती द्यायची असते, म्हणून तर बाराव्या-तेराव्या वर्षी देतात. २०१९ पासून मुलांनाही देतात. सही करा.

आणि तुमचं स्वतःचं. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या माझ्या ओळखीतल्या एकीला अंगावरून पांढरं जायचं, खाज असायची. डॉक्टरकडे नवरा दुभाषा. त्याच्यासमोर ती फक्त 'पोट दुखतं' म्हणाली आणि वर्षभर पोटाच्याच गोळ्या खाल्ल्या. अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तो फुकट मिळतो. सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तर गर्भनिरोधकं आणि गुप्तरोगांचे उपचार कुठल्याही व्हिसावर मोफत आहेत, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय ते तुमच्या जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरला, कळवत नाहीत. पंचविशीनंतर गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येतं, ते बाजूला ठेवू नका. तपासणीला बाईच हवी असेल तर तसं आधी सांगता येतं.

एकटेपणाचं विचारलंत. सुरुवातीचे हिवाळे जड जातात, मग सवय होते. लेकीच्या शाळेचं नाव ठरलं की कळवा, त्या भागातल्या एक-दोघी आयांशी तुमची गाठ घालून देते.