वाचकांचे प्रश्न : भावाला ऑपरेशन, बहिणीला व्यायाम, असं का?

प्रश्न : माझा 19 वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. गेल्या वर्षी पकड करताना त्याचा उजवा खांदा निखळला. दवाखान्यात नेऊन बसवून घेतला, पण त्यानंतर तीनदा निखळला, शेवटच्या वेळी तर शर्ट घालताना. रिपोर्टात बँकार्ट, हिल-सॅक्स, ‘ऑफ-ट्रॅक’ असं लिहिलंय आणि ऑपरेशन सांगितलंय. 16 वर्षांची धाकटी मुलगी कधी पडलेली नाही, तरी तिचे दोन्ही खांदे सरकतात. पाण्याची बादली उचलली की जास्त. तिला त्याच डॉक्टरांनी नुसता व्यायाम दिला. तिच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होतंय का? रिपोर्टाची प्रत सोबत जोडली आहे.
— एक आई, वाळवा तालुका

उत्तर : ताई, दुर्लक्ष होत नाहीये. दोघांचा खांदा निखळतो एवढंच सारखं आहे, आजार दोन आहेत.

खांद्याचा गोळा मोठा आणि त्याची वाटी उथळ, लिंबू-चमच्याच्या शर्यतीतल्यासारखी. वाटीच्या काठाला लेब्रम नावाची कूर्चेची कड असते, भोवती अस्थिबंधांची पिशवी आणि त्यावर स्नायू. यातलं काय बिघडलं, यावर खांद्याचा प्रकार ठरतो.

मुलाचा हात पकडीत वर आणि मागे ओढला गेला, गोळा पुढे निसटला आणि जाताना पुढची कड उखडून गेला. ही बँकार्ट इजा. लंडनच्या बँकार्ट यांनी 1923 मध्ये ती मांडली. निसटलेला गोळा वाटीच्या कडेवर आपटून मागच्या बाजूने चेपतो, तो खड्डा म्हणजे हिल-सॅक्स. हिल आणि सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टांनी 1940 मध्ये त्याचं वर्णन केलं.

‘ऑफ-ट्रॅक’ हा मात्र अलीकडचा हिशेब आहे आणि ऑपरेशन कोणतं करायचं, हे बरंचसं त्यावर ठरतं. तुमच्या रिपोर्टातलेच आकडे घेऊ. वाटीची मूळ रुंदी 28 मिमी. तिचे 83 टक्के म्हणजे साधारण 23. पुढच्या कडेचं हाड 5 मिमी झिजलंय, ते वजा केलं की उरले 18. हात वर-मागे नेताना गोळ्याला वाटीचा आधार मिळतो तो एवढ्याच पट्ट्यात. मुलाच्या खड्ड्याची मोजणी 21 मिमी आहे, म्हणजे खड्डा पट्ट्याबाहेर जातो, वाटीच्या कडेत अडकतो आणि खांदा बाहेर पडतो. अशा वेळी नुसती कड शिवून भागत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी लाटार्जे सुचवलंय : खांद्याच्या पात्याच्या पुढच्या टोकाचं हाड स्नायूसकट काढून वाटीच्या झिजलेल्या कडेला स्क्रूने बसवतात. वय 19, खेळ अंगाला अंग भिडणारा आणि हाड झिजलेलं. सल्ला मला योग्य वाटतो.

आता मुलगी. मार लागलेला नाही, दोन्ही बाजू सैल, आणि बादलीच्या वजनाने गोळा खाली सरकतो. तिचा अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकतो का, कोपर उलटं वाकतं का, ते बघा. ही बाईटन गुणांकनातली तपासणी आहे, एकूण 9 गुणांची. गुण जास्त आले तर सैलपणा सगळ्या अंगाचा, एकट्या खांद्याचा नव्हे. तिची पिशवी फाटलेली नाही, सैल आहे. शिवायला जागाच नाही.

डॉक्टर मंडळी इंग्रजी आद्याक्षरं जोडून भावाच्या प्रकाराला ‘टब्ज’ म्हणतात, बहिणीच्या प्रकाराला ‘अँब्री’. पहिल्यात मार, एकच दिशा, बँकार्ट, शस्त्रक्रिया. दुसऱ्यात मार नाही, अनेक दिशा, दोन्ही बाजू, आणि आधी व्यायाम. 1992 मध्ये बर्कहेड आणि रॉकवुड यांनी ठरावीक व्यायाम देऊन पाहिले : मार न लागलेल्या खांद्यांत 80 टक्के चांगले झाले, मार लागलेल्यांत फक्त 16. तुमच्या घरातला फरक या दोन आकड्यांत आहे. लंडनजवळच्या स्टॅनमोर इथल्या डॉक्टरांची त्रिकोणी वर्गवारी मार आणि सैलपणा या दोन कोपऱ्यांसोबत तिसरा कोपराही धरते : स्नायू चुकीच्या क्रमाने आवळतात आणि तेच गोळा बाहेर ढकलतात. अशा खांद्यावर घाईने सुरी चालवली तर त्रास वाढू शकतो. म्हणून मुलीचा व्यायाम खांद्याचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, किमान सहा महिने, नेमाने चालू द्या. मैत्रिणींना खांदा सरकवून दाखवत असेल, तर तेही आजपासून बंद.

दोघांच्याही डॉक्टरांना चार गोष्टी नेमक्या सांगा : वर्षात किती वेळा निखळला, पहिल्यांदा कशाने, कुठल्या दिशेला, आणि आपोआप बसला की कुणाला बसवावा लागला. या चारांवरच एक अख्खी वर्गवारी उभी आहे. पहिल्या वेळचा एक्स-रे फेकू नका. आणि मुलाचा खांदा पुन्हा निखळला तर मैदानावर कुणाला ओढू देऊ नका. दंडाची बाहेरची बाजू बधिर वाटते का, ते बघून थेट दवाखाना गाठा; तिथली नस दुखावलेली असू शकते.

जाता जाता : शेतातल्या मोटारीचा शॉक बसल्यावर किंवा फिट आल्यावर खांदा दुखत असेल, हात बाहेर वळत नसेल, तर गोळा मागे निसटलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सहज नजरेतून सुटतो. बाजूचा एक्स-रे मागून घ्या.

प्रश्न : मोटारसायकलवरून खांद्यावर पडलो. ‘एसी जॉइंट, ग्रेड 3’ असं निदान आहे. हाही खांदा निखळणंच का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. तुमचा गोळा वाटीत शाबूत आहे. कॉलर बोन जिथे खांद्याच्या पात्याला जोडलेलं असतं, तो वरचा छोटा सांधा सुटलाय, म्हणून खांद्यावर उंचवटा दिसतो. रॉकवुडच्या वर्गवारीत याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन झोळी आणि विश्रांतीवर बऱ्या होतात, शेवटच्या तिन्हींना सहसा ऑपरेशन लागतं. तुमची तिसरी मधली. बहुतेकांचं झोळी आणि व्यायामावर भागतं, उंचवटा मात्र राहतो. डोक्यावर ओझं वाहणं किंवा हात उंच धरून काम करणं हा रोजचा धंदा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. काखेतून एक्स-रे काढलाय का, तेही विचारा. हाडाचं टोक मागे, मानेकडच्या स्नायूत घुसलं असेल तर ती चौथी पायरी, आणि ती समोरच्या फिल्मवर तिसरीसारखीच दिसू शकते.